काकूंचा फुलस्टॉप

इंदुमतीबाई रागावल्या, तर भांडी आपटत नाहीत की आवाज चढवत नाहीत. त्या गप्प बसतात आणि कणीक जरा जास्त मळतात. अडतीस वर्षांच्या संसारात सूर्यकांतरावांना एवढं नक्की कळलं आहे. पण दिल्लीत जुन्या राजेंद्र नगरात त्यांच्याकडून डबा घेणाऱ्या बावीस मुलामुलींचा समज असा होता, की काकू दिवसातून निदान तीनदा संतापतात. आणि हा समज त्यांनी काकूंचं तोंड न बघता, नुसता फोन बघून करून घेतला होता.

त्याला कारण एवढंच, की वाक्याच्या शेवटी टिंब दिल्याशिवाय इंदुमतीबाईंना चैन पडत नाही. ही खोड बार्शीची. लग्नाआधी तिथल्या टायपिंगच्या क्लासात त्यांनी वर्षभर मशीन बडवलं. क्लासचे सर मागून येत, कागदावर बोट ठेवत आणि म्हणत, "वाक्य उघडं टाकलंस. घराचं दार असं उघडं टाकून जातेस का?" मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा त्या पहिल्या वर्गात पास झाल्या. मग लग्न झालं, नवऱ्याच्या केंद्र सरकारी नोकरीपायी दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आयुष्य गेलं, टाइपरायटर भंगारात निघाले, पण टिंब काही सुटलं नाही. सूर्यकांतराव रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. गावी जाऊन करायचं काय, हा प्रश्न दोघांनाही सुटेना. म्हणून त्यांनी राजेंद्र नगरात दोन खोल्या घेतल्या आणि यूपीएससीची तयारी करणाऱ्या मराठी मुलांसाठी डबा सुरू केला. त्या पोळ्या लाटतात, ते कांदा चिरतात आणि स्कूटरवरून डबे पोचवतात.

मुलांच्या ग्रुपवर रोज सकाळी काकूंचा मेसेज येई. "आज भाकरी नाही. पोळी आहे. डबा एक वाजता पोचेल." त्यांच्या मते यात काही वावगं नव्हतं. पोरं मात्र एकमेकांना विचारत, यार, काकूंना आज काय झालंय?

मानसच्या बाबतीत तर या समजाने कहर केला. मानस हिंगोलीचा, फार अबोल मुलगा. त्याच्या लायब्ररीची वेळ बदलली, तेव्हा भीतभीत त्याने लिहिलं, की डबा साडेअकराला मिळेल का. इंदुमतीबाई फोडणीशी उभ्या होत्या. त्यांनी लिहिलं, "बघते." आणि खरोखरच बघितलं. दुसऱ्या दिवशी अर्धा तास लवकर उठून, सव्वाअकरालाच त्याचा डबा भरून ठेवला. सूर्यकांतराव तो घेऊन गेले तर मानसने दुसरी खानावळ लावलेली. काकू भडकल्या आहेत, उगीच आणखी त्रास कशाला द्यायचा, असं तो मित्रांना म्हणाला होता. हे इंदुमतीबाईंना कळलं दोन महिन्यांनी, आणि तोवर मानस दिल्ली सोडून गेला होता. त्यांना ते फार लागलं. आधी राग आला, मग वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं पुढे बरेच दिवस टिकलं.

ही गोष्ट त्यांना सांगितली देवयानीने. देवयानी धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याची. यूपीएससीचा तिचा हा तिसरा प्रयत्न. बोलायला चुरचुरीत. रविवारी स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर बसायची आणि पातेल्यातलं उरलेलं पिठलं संपवायची.

"काकू, तुम्ही तो फुलस्टॉप देता ना, तो तोंडावर दार लावल्यासारखा वाटतो."

"अगं, वाक्य संपलं की टिंब द्यायचं असतं."

"मेसेज पाठवला की संपलंच ना वाक्य? मग वर फुलस्टॉप कशाला? तो मुद्दाम दिला असं वाटतं. म्हणजे चिडूनच."

बार्शीच्या सरांनी जे दार लावायला शिकवलं, ते इतकी वर्षं पोरांच्या नाकावर आपटत होतं. इंदुमतीबाईंनी सुधारायचं ठरवलं. देवयानीने त्यांना टिंबाच्या जागी हसरा चेहरा टाकायला शिकवलं, आणि पहिल्याच आठवड्यात काकूंनी ग्रुपवर लिहिलं, की काकांना डेंग्यू झालाय, दोन दिवस डबा मिळणार नाही, आणि पुढे दोन हसरे चेहरे. सूर्यकांतराव सलाइन लावलेल्या हाताने तो मेसेज बघून म्हणाले, "बिल्कुल बरोबर. आनंदाचीच बातमी आहे." त्यानंतर इंदुमतीबाईंनी चेहरे बंद केले आणि त्या आपल्या टिंबांवर परत आल्या.

लिहिणं सुधारलं नाही, पण वाचणं मात्र त्यांना जमायला लागलं. कोण तीन टिंबं देतो, कोण काहीच देत नाही, कोण प्रश्नचिन्हं ओळीने मांडतो, हे त्या निरखू लागल्या. देवयानी कधीच टिंब द्यायची नाही. तिचं "काकूऊऊऊ आज काय" असं यायचं, आणि उत्तराची वाट न बघता पाठोपाठ आणखी चार तुकडे. तिचे मेसेज वाचताना तिचा आवाजच ऐकू येई.

पूर्वपरीक्षेचा निकाल लागला मंगळवारी. देवयानी ग्रुपवर काही बोलली नाही. इतरही बरेच जण बोलले नाहीत, त्या दिवसांत कुणी कुणाला विचारत नाही. शुक्रवारी दुपारी सूर्यकांतराव तिचा डबा घेऊन परत आले. हाताला जड लागला. उघडून बघितलं तर गुरुवारचं जेवण जसंच्या तसं. इंदुमतीबाईंनी तिला विचारलं, डबा तसाच का आला. लगेच उत्तर आलं.

"भूक नाही."

त्या फोनकडे बघत राहिल्या. सूर्यकांतरावांनी डोकावून बघितलं आणि म्हणाले, "वा, पूर्णविराम. तुझी शिष्या झाली म्हणायची."

"अहो, ती कधी देत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे स्कूटर काढा."

देवयानीची पेईंग गेस्टची खोली तिसऱ्या मजल्यावर. खाली बसलेल्या चौकीदाराने हात आडवा केला. "आंटी, ऊपर अलाउड नहीं है." इंदुमतीबाई म्हणाल्या, "भैया, बच्ची ने दो दिन से खाना नहीं खाया. आप चलिए साथ में." त्याने बाजूला होऊन वाट दिली.

दार उघडायला वेळ लागला. देवयानीचा चेहरा सुकून गेला होता. कूलर चालू, पण त्यात पाणी नव्हतं. पुस्तकं खोक्यात भरलेली आणि ती स्वतः त्या खोक्याला टेकून बसलेली असावी, कारण तिथेच उशी होती. इंदुमतीबाईंनी डबा खाली ठेवला, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं आणि तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

"निघाली नाही का प्रिलिम?"

तिने मान हलवली. मग म्हणाली, "घरी सांगितलं नाही अजून."

"मंगळवारपासून?"

तिने फोन पुढे केला. वडिलांना लिहिलेला मेसेज तसाच पडून होता. न पाठवलेला. "बाबा प्रिलिम निघाली नाही" तीन दिवसांत तिने तो कितीदा तरी पुसून पुन्हा लिहिला होता. शेवटी तीन टिंबं दिली तर रडल्यासारखं वाटतं, काहीच दिलं नाही तर बेफिकीर वाटतं, हसरा चेहरा टाकला तर निर्लज्जपणा. सॉरी लिहिलं तर आई घाबरेल. बाबांनी तिच्यासाठी सगळ्या नातेवाइकांशी वाद घातला होता. आता त्यांना हे कोणत्या सुरात सांगायचं, ते तिला समजत नव्हतं.

"फोन का नाही केलास?"

"रडू येईल, काकू. मग ते गाडी पकडून येतील."

"आहे तसा पाठव. मी बसलेय इथे."

देवयानीने डोळे मिटून बोट दाबलं. दोघी बघत राहिल्या. निळ्या खुणा आल्या. अर्धं मिनिट गेलं आणि उत्तर आलं.

"ठीक आहे."

देवयानीने फोन पालथा खाली ठेवला. "संपलं," ती म्हणाली. "बाबा इतकं तुटक कधीच लिहीत नाहीत. त्यांनी मला सोडून दिलं."

इंदुमतीबाईंनी चष्मा लावला, फोन उचलला आणि ती दोन शब्दांची ओळ पुन्हा वाचली. वडील अंबादास जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्याच पिढीचा माणूस. पोरांच्या वहीत राहून गेलेली टिंबं लाल शाईने देत ज्याची उभी नोकरी सरत आली, तो माणूस स्वतःचं वाक्य कसं उघडं ठेवील?

"मला यात राग दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"काकू, तुम्हाला नाही कळणार."

"मलाच कळणार. मानसला मी 'बघते' लिहिलं, तेव्हा माझ्या मनात काय होतं ते मला विचार ना. मी त्याच्या डब्याची वेळ जुळवत होते. आम्हाला जास्त लिहिता येत नाही गं, म्हणून आम्ही थोडं लिहितो आणि शेवट नीट करतो. लाव फोन."

"नको."

"मग मी लावते. एक पोरगा मी असाच घालवलाय."

देवयानीने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण कानाशी धरायची तिची हिंमत नव्हती. पलीकडे मुलांचा गलका ऐकू आला, मग दार ओढल्याचा आवाज, मग शांतता.

"बाबा?"

"बोल बाळा. वर्गातून बाहेर आलो. पोरांसमोर काही लिहिता येईना मला."

"रागावलात?"

"मंगळवारीच बघितली यादी. तीनदा बघितली, तुझा नंबर नव्हता. तुझ्या आईला म्हटलं, आपण विचारायचं नाही, ती सांगेल," अंबादास म्हणाले. "तीन दिवस तुझ्या नावाखाली टायपिंग, टायपिंग दिसायचं. तुझी आई म्हणायची, आता येईल बघ मेसेज. पोळी तव्यावर टाकून फोनकडे बघत बसायची. मग ते बंद व्हायचं. तू एवढा वेळ काय लिहीत होतीस गं?"

देवयानी रडायला लागली, आणि इंदुमतीबाईंनी तिला रडू दिलं.

"परीक्षा पुढच्या वर्षी दे नाहीतर देऊ नको, ते तू ठरव," अंबादास म्हणाले. "पण आम्हाला असं बघत बसवू नको. तुझ्याजवळ कुणी आहे का आत्ता?"

"डब्याच्या काकू आहेत."

"मग जेवून घे. आणि फोन चालू राहू दे. तू जेवतेस ते ऐकतो मी."

देवयानीने नाक पुसलं आणि डब्याचं झाकण उघडलं. पलीकडे परांड्याच्या शाळेची घंटा झाली, पण अंबादास वर्गात गेले नाहीत.