नऊ तासांचं लंडन

नव्वदीनंतर बाहेरच्या नोकऱ्या उघडल्या, तेव्हा आमचा एकुलता एक मुलगा लंडनला गेला. कुणी विचारलं की मी आपली सांगायची, "नऊ तासांत मुंबईला उतरतो तो. तुमच्या सुनेला इथल्या जवळच्या डोईफोडियाहून यायला अख्खा दिवस लागतो."

मग एका मे महिन्यात, सकाळी चहा पिता पिता माझे यजमान गेले. लंडनला कळवलं, तसा दुपारी शेजारच्या दुकानात मुलाचा फोन आला. माझे दीर धावले. तो एवढंच म्हणाला, "काका, रात्री दहाच्या विमानात जागा मिळालीय. बाबांना ठेवा." आणि लाइन तुटली.

दीर शाळेत भूगोल शिकवायचे. बोटं मोजून म्हणाले, "वहिनी, दहाला निघाला की सकाळी सातला मुंबई. नऊची गाडी धरली तर पाचला घरी. दिवस मावळायच्या आत आटपेल सगळं."

बर्फाच्या लाद्या आणल्या. आमच्या गल्लीत मयत उठेपर्यंत कुणाच्याच घरी चूल पेटत नाही. त्या दिवशी पेटली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दुसऱ्या दुपारी समोरची येऊन हळूच म्हणाली, "काकू, सासूबाईंना शुगर आहे हो. चण्यांवर किती काढायचं त्यांनी?" मागून कुणीतरी पुटपुटलं, "विमान नऊ तासांत येतं म्हणे. बैलगाडीनं तरी आला असता."

पाचची गाडी आली. दीर स्टेशनावरून एकटेच परतले. बर्फाचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आणि यजमानांचा चेहरा आता त्यांचा राहिला नव्हता. मी तो पाहिला आणि म्हटलं, "भाऊजी, उचला." ते म्हणाले, "एक रात्र बघू, वहिनी." मी म्हटलं, "असं तोंड त्याला दाखवायचं नाही मला."

तापीच्या घाटावर दिरांनी अग्नी दिला.

मुलगा तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आला. रिकामी जागा पाहून दारातच बसला. त्याचं विमान मुंबईत साडेअकराला उतरलं होतं, दिवसाच्या गाड्या निघून गेल्या होत्या. दीर म्हणाले, "दहाला निघालास ना तू?"

"तिथल्या दहाला, काका. तेव्हा इथे अडीच वाजले होते. पृथ्वीचा गोल हातात धरून तुम्हीच शिकवलंत ना मला?"

दीर खांबाला टेकले. इतकी वर्षं पोरांना शिकवलं, आणि भावाच्या मयतीला विसरले.

"एक रात्र थांबवलं नाही कुणी," मुलगा म्हणाला.

"ते थांबत होते. मी उचलायला लावलं," मी म्हटलं. चेहऱ्याचं काही मी त्याला सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही.

ज्यानं अग्नी दिला त्यानंच दिवस करायचे, असं आमच्यात आहे. दहाव्याला बाया नको म्हणत होत्या तरी मी घाटावर गेले. पिंड ठेवायच्या वेळी दीर भटजींना म्हणाले, "हा मुलगा आहे त्यांचा. आता याच्या हातून करा." भटजी मान हलवून म्हणाले, "आता बदलता येत नाही, मास्तर."

मुलानं पेल्यातलं पाणी काकांच्या हातावर सोडलं. ते ओणवे होऊन भावाचा पिंड ठेवत होते, आणि एवढ्या लांबून आलेला माझा मुलगा पेला धरून बाजूला उभा होता.