फुली मारलेलं अंडं

इथले अनुभव बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय मात्र पहिल्यांदाच. आधीच सांगून ठेवतो... पिंपळाखालची बाई, वाट अडवणारं कुत्रं असलं काही माझ्याकडे नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधी नव्हता. दूध संकलन केंद्रावर फॅट काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. मशीन जो आकडा दाखवेल तो खरा. म्हैस कितीही गुणाची आहे म्हणून मालकानं सांगितलं तरी पॉइंट वाढत नाही. माझा स्वभावही तसाच झाला, असं घरचे म्हणतात.

मी मुसलमान आहे, जुन्नरचा. नाव रफिक. शुक्रवारची नमाज, रमजानचे रोजे, दोन्ही ईद – सगळं करायचो, पण वीजबिल मुदतीत भरावं तसं. भरलं, पावती मिळाली, विषय संपला. घरात खरी नमाजी होती ती माझी बायको, रेहाना. तिचं माहेर आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरचं. शेतकऱ्याघरची पोर. आम्ही घरी दखनी बोलतो, पण हिच्या तोंडात आधी मराठी येतं, तेही तिकडचं.

ही गोष्ट २००३ सालच्या हिवाळ्यातली.

त्या वर्षी पावसाळ्यात आमची मुलगी गेली. म्हणजे जन्माला आली ती गेलेलीच. आठवा महिना चालू होता. दवाखान्यात कुणाची चूक नव्हती, याची मी सगळे कागद दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून खात्री केलेली आहे. कारण काय, तर कळलं नाही. आम्ही तिला आंघोळ घातली, नाव ठेवलं आणि दफन केलं. नाव इथं लिहीत नाही.

रेहाना रडली, उठली, घरकामाला लागली. थोरला मुलगा पुण्यात माझ्या बहिणीकडे शिकायला होता, त्याला दर आठवड्याला पीसीओवरून फोन करायची, हसून बोलायची. फक्त नमाज पढायची तिची जानमाज घडी घालून कपाटावर गेली, ती खाली आलीच नाही. मला दिसत होतं. मी विचारलं नाही. ज्याची स्वतःची नमाज पावतीपुरती, त्यानं काय विचारायचं?

आता घरातल्या दुसऱ्या मशीनबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मला अंडी उबवायचा नाद होता. प्लायवूडच्या खोक्यात बल्ब, थर्मोस्टॅट, पाण्याचा ट्रे. लाइट गेली की गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवायच्या आणि वर घोंगडी. डिंगोऱ्याचा माझा मित्र संपत गावरान अंडी आणून द्यायचा, पिल्लं निम्मी-निम्मी. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांनी फुटतं. तोवर साडेसदतीस अंश ऊब सारखी लागते. रोज तीन वेळा अंडी फिरवावी लागतात, नाहीतर जीव आतल्या पापुद्र्याला चिकटतो. ऊब पाच-सहा अंशांनी घसरली आणि तशीच राहिली तर संपलं. हे आकडे लक्षात ठेवा, त्यांचं काम पुढं आहे.

त्या डिसेंबरात चाळीस अंडी लावली. मी दिवसभर केंद्रावर, म्हणून फिरवायचं काम रेहानाकडे आलं. सातव्या दिवशी तपासणी असते. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला भोक पाडून आत बल्ब लावायचा, खोलीत अंधार करायचा आणि भोकावर एकेक अंडं धरायचं. जीव धरला असेल तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं, कोळ्यासारखं. नसेल तर नुसता पिवळा उजेड आरपार येतो. अशा रिकाम्या अंड्यावर मी पेन्सिलीनं फुली मारून बाजूला काढायचो. त्यांचं ऑम्लेट होतं, नाहीतर कुत्र्याला.

शुक्रवार होता, संध्याकाळ. रेहाना पहिल्यांदाच शेजारी येऊन बसली. एका अंड्यात ते जाळं हलताना दिसलं तशी ती पुढं वाकली.

"हे मधी टिपकं काय उडतंय?"

"काळीज."

"एवढंसं?"

"एवढंसंच असतं. चौथ्या दिवसापासनं चालू होतं."

मग मी एक रिकामं अंडं धरलं, फुली मारली. तिनं ते माझ्या हातातून घेऊन पुन्हा उजेडावर धरलं.

"ह्याच्यात कायच न्हाई?"

"काही नाही. सुरुवातच झाली नाही."

"मग बरंय," ती म्हणाली. "अर्धवट तरी सोडलं न्हाई."

ती अंड्याकडेच बघत होती, पण बोलत होती माझ्याशी.

"तुमी सगळे म्हणता, बनवणाऱ्याला काय अवघड न्हाई. नुसतं 'हो' म्हणलं की व्हतं. मग आठ महिने हात, पाय, नखं, पापण्या... सगळं करून शेवटाला हात का काढून घेतला त्यानं? एवढं एक सांगा मला."

यावर मी काय बोललो असेन? म्हणालो, "मशीनमधेपण काही अंडी अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी जातात. दहा टक्के धरायचीच."

तिनं माझ्याकडे पाहिलं. अजून ती नजर आठवते. मग ते अंडं घेऊन ती स्वयंपाकघरात गेली.

त्या दिवशी पाच रिकामी निघाली. चारांचं दुसऱ्या दिवशी ऑम्लेट झालं. पाचवं, तिच्या हातातलं, तिनं फोडलं नाही. माहेरहून आलेल्या कांद्यांची टोपली ओट्याखाली असायची, त्यात टाकून दिलं. मी विचारलं तर म्हणाली, "राहू दे. माझ्याच्यानं न्हाई फोडवत."

इथं एक गोष्ट नीट नोंदवतो. रोज सकाळी केंद्रावर जायच्या आधी कांदा-पोहे मीच करायचो. कांदा काढताना ते अंडं हाताला लागायचं. गार. डिसेंबरातली जुन्नरची सकाळ ज्यांना माहीत आहे त्यांना फरशीवरची टोपली किती गार पडते हे सांगायला नको. अंगावर स्वेटर घालून पोहे परतायचो मी. चूल नव्हती, गॅस ओट्यावर, टोपली खाली कोपऱ्यात. एकदा तर वास बघायला अंडं नाकाला लावलं, म्हटलं सडायच्या आत टाकून द्यावं. वास नव्हता म्हणून राहिलं.

तिसरा शुक्रवार आला. मशीनमध्ये सकाळपासून अंडी फुटत होती. मी सुट्टी घेतली होती. दुपारी जुम्म्याच्या नमाजेला गेलो आणि परत आलो, तर रेहाना स्वयंपाकघराच्या दारात उभी. हाताला पीठ तसंच.

"ऐका," ती म्हणाली.

चिवचिव ऐकू येत होती. मी म्हटलं, मशीनचं दार उघडं राहिलं, पिल्लू इकडं आलं. जाऊन पाहिलं, दार बंद. परत आलो. आवाज टोपलीतून.

कांदे बाजूला केले. ओलं, लडबडलेलं पिल्लू, मान टाकून पडलेलं, मधेच उचलायचं. अर्धं टरफल पायाला चिकटलेलं. त्या टरफलावर माझ्या पेन्सिलीची फुली.

पिल्लू आधी मशीनमध्ये नेऊन ठेवलं. मग आम्ही दोघं टोपलीपाशी बसून राहिलो. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "तू बदललंस का अंडं?"

"हां," रेहाना म्हणाली, "फुटायला आलेलं अंडं काढलं, त्याच्यावर तुमच्यासारखी फुली काढली आन् कांद्यात लपवलं. नमाजेला गेला व्हतात ना, मला दुसरं कामच न्हाई!"

मग मला मोजायचं सुचलं. चाळीस लावली, पाच काढली, पस्तीस उरली. मशीनमधली पिल्लं, न फुटलेली अंडी सगळं धरून पस्तीसच. टोपलीतलं वेगळं.

यानंतर वर्षभर मी जे केलं त्याला घरातले वेड म्हणतात. टोपलीत थर्मामीटर ठेवला. सकाळी चौदा, दुपारी जास्तीत जास्त बावीस. त्या हिवाळ्यात आणि पुढच्याही, रिकामी अंडी त्याच टोपलीत, त्याच कोपऱ्यात ठेवून पाहिली. ती सडली. एक फुटलं तेव्हा संपत घरात आलेला होता. नाक दाबून म्हणाला, "रफिकभाई, पिल्लू नको पण आवरा राव! वहिनी, हे असं किती दिस चालायचं?"

"त्यांचा हिशेब जुळंपर्यंत," रेहाना आतून म्हणाली.

"आमच्यात असतं तर आतापातुर त्या टोपलीम्होरं नारळ फुटला असता."

"भाऊ, फोडायचं ते त्या पिल्लानं फोडलंय. तुमी चहा घ्या."

नारायणगावच्या एका पशुवैद्यकीय डॉक्टरांनाही विचारलं. भला माणूस, अर्धा तास दिला. त्यांचं म्हणणं, सातव्या दिवशी माझ्या बल्बनं फसवलं असेल, जीव धरलेला असेल पण मागं पडलेला. मान्य. मी म्हटलं, "बल्ब चुकला धरू. पुढं चौदा दिवस ऊब कुठून आली?" ते हसले. म्हणाले, "ते माझ्या पुस्तकात न्हाई राव."

शेवटी मशिदीत इमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मशीनमध्ये किती पिल्लं निघाली?"

"अठ्ठावीस."

"त्यांच्यासाठी नाही आलात कधी?"

मला वाटलं पुढं काही सांगतील, कुराणातली आयत वगैरे. त्यांनी गावरान अंडी सध्या कशी दिली विचारलं, बारा सांगून ठेवली, आणि नमाजेआधीचे हातपाय धुवायला, वजूला निघून गेले.

चिडतच घरी आलो. पण पुढच्या वेळी मशीन लावली तेव्हा चौथ्या दिवशी एकटाच डबा घेऊन बसलो. तपासणी सातव्या दिवशी असते, चौथ्या दिवशी उगाच कशाला... पण बसलो. आत पाणी, बलक, दुसरं काही नाही. बाहेरून कुणी काही आत घालत नाही. माझी मशीन फक्त ऊब देते, आणि ऊब काही चोच घडवत नाही. तरी त्या पाण्यात तो ठिपका उडत होता. वर्षानुवर्षं मी हा ठिपका बघत आलो होतो आणि शेकडा काढत आलो होतो. त्या दिवशी आकडा लिहायचा राहून गेला. तोंडातून 'सुब्हानअल्लाह' निघालं. ईदच्या गर्दीत सगळे म्हणतात म्हणून म्हणायचो तसं नाही. आपोआप निघालं.

पण मला सांगायचं आहे ते रेहानाचं.

पिल्लू निघालं त्याच्या चार-पाच दिवसांनंतरची गोष्ट. मी केंद्रावरून लवकर आलो, ऊन कलायला आलं होतं. घरात आवाज नाही. मशीनच्या खोलीत डोकावलो तर जमिनीवर जानमाज अंथरलेली आणि रेहाना सजद्यात, कपाळ जमिनीला टेकवून. बाजूला खोक्यात पिल्लांचा गलका. मी दारातच थांबलो. सजदा इतका लांबला की मला वाटलं, बरं नाही की काय.

नमाज संपवून तिनं सलाम फिरवला आणि मला पाहिलं. मी न राहवून विचारलं, "मिळालं उत्तर?"

"न्हाई."

"मग?"

ती जानमाजची घडी घालू लागली, मग थांबली, तशीच राहू दिली.

"रिकाम्या अंड्यात घालू शकतो तो. मग आठ महिन्यांचं त्याच्या हातनं चुकून सुटलं, असं काय मी म्हणणार न्हाई आता. त्यानं मुद्दाम ठेवून घेतलीय तिला. का, ते मला पायजे. तुमाला विचारलं तर तुमी टक्केवारी सांगता. ज्यानं बनवलं त्यालाच विचारायला पायजे ना? आन् विचारायचं तर समोर जाऊन उभं ऱ्हावं लागतं."

त्या पिल्लाचं पुढं काय झालं, असं लोक विचारतात. कोंबडी झाली, अंडी दिली, दोन वर्षांनी मुंगसानं नेली. तिच्यात वेगळं काही नव्हतं. टरफल मी जपून ठेवणार होतो, पण रेहानानं ते इतर टरफलांबरोबर बारीक करून कोंबड्यांना घातलं. म्हणजे दाखवायला माझ्याकडे काही नाही.

स्पष्टीकरणही नाही. मी कोंबडीची चूक, बल्बची चूक, माझ्या डोळ्यांची चूक, सगळं धरून पाहिलं. थंडी तेवढी कशातच बसत नाही. कुणाला जमत असेल तर जरूर लिहा, पण आधी त्या चौदा दिवसांच्या उबेचं सांगा, मग बाकीचं.

मशीन अजून आहे, प्लायवूड बदललंय. दुपारची अंडी फिरवायची वेळ आणि रेहानाच्या नमाजेची वेळ एकच पडते. तिचा सजदा आजही लांबतो. अजून विचारतेच आहे, बहुतेक. मी मध्ये बोलत नाही. ती उठेपर्यंत अंडी मी फिरवतो.