लाल राहिलेला सर्व्हर

उद्यमबागेतल्या लोखंड ओतायच्या कारखान्यांतून, म्हणजे फाउंड्र्यांतून, जळक्या वाळूचा वास आला, की हा वास नसलेली एक सकाळ मला आठवते. या फाउंड्र्यांतल्या सर्व्हरांच्या सेटिंग एका जागेवरून सांभाळणारं टूल निवडायचं काम आमच्या ऑफिसच्या आक्कांनी माझ्यावर टाकलं होतं. एका टूलमध्ये आपण इथून बदल धाडायचे. दुसऱ्यात प्रत्येक सर्व्हर सुरू झाला की स्वतःच विचारायचा, माझ्यासाठी काय नवीन? मला पहिलं आवडलं होतं. आक्कांसमोर बटण दाबलं. बदल पोचले तसे पडद्यावर सगळे सर्व्हर हिरवे झाले, एका फाउंड्रीतला मात्र लालच राहिला.  तिथला फोन कुणी उचलेना, म्हणून मोटारसायकल काढली. फाउंड्रीच्या गेटाशी ना वास, ना यंत्रांचा आवाज.  आत मालक अण्णा कामगारांना प्रसादाचं खोबरं वाटत होते. "अण्णा, माझ्यामुळं सगळं बंद पडलं व्हय?" ते हसले. "न्हाय रं, आज अमावास्या, कारखान्याला सुट्टी. यंत्रांची पूजा केली आन् मेन स्विच बंद केला. उद्या चालू करतो की." परत येऊन आक्कांना म्हटलं, दुसरंच टूल घेऊया, बंद असलेला सर्व्हर चालू झाला की स्वतःच विचारेल. आजही एखादा सर्व्हर लाल झाला, की मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो. अमावास्या नसली, तर मात्र मोटारसायकलची किल्ली उचलतो.