भरतेश अण्णांचं दुखरं बोट

कुंडलच्या भरतेश अण्णांच्या बोटाला चिंधी बांधलेली होती, आणि बोटाला काहीही झालेलं नव्हतं. ही गोष्ट गावात फक्त त्यांची बायको चंदनबाला हिला ठाऊक होती. म्हणजे दुपारपर्यंत अर्ध्या गावाला.

झालं असं. मुलाच्या सोयरिकीच्या वेळी, पोरगी सांगलीची आणि गिटारच्या परीक्षा दिलेली निघाली. चंदनबाला मागं कशी राहील? "आमचं ह्येबी शास्त्रशुद्ध शिकल्यात की!" तिनं ठोकून दिलं. अण्णांनी तेवढ्यात पोह्यांत तोंड घातलं.

खरं तर अण्णांचं गिटारचं शिक्षण द्राक्षबागेतल्या मचाणावर झालं होतं. पाखरं राखता राखता गाणी ऐकून ऐकून बोटं बसवलेली. सूर चढवायला गिटारच्या दांडीवर ठिबकच्या नळीचा तुकडा, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली. तारांच्या जुळण्यांना, म्हणजे कॉर्डना, नावंही घरचीच. एक 'मोठी जाऊ', एक 'धाकटी', आणि एक कानाला जरा टोचणारी, तिचं नाव 'आत्याबाई'. आत्याबाई आली की अण्णा तारांवर थाप मारून पुढं पळायचे.

लग्न होऊन सून ब्राह्मी घरात आली. "मामा, एकदा वाजवायला बसूया ना दोघं," असं ती म्हणाली, त्या दिवसापासून बोट दुखायला लागलं.

"आवं, काल डाव्या हाताला हुती न्हवं चिंधी?" चंदनबालानं भर जेवणात विचारलं.

"फिरतं दुखणं हाय," अण्णा म्हणाले.

सुनेची गिटारही कोपऱ्यात कव्हरात उभीच होती. तार तुटलीय म्हणे. अण्णांना ते पथ्यावरच पडलं.

पण बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, विधानाची मोठी पूजा आली आणि पूजेची व्यवस्था बघणाऱ्या धनपालनं माइकवरून पुकारलं, "आज सासरा-सुनंची जोडी वाजवनार!" ब्राह्मीनं तुटक्या तारेचं सांगून अंग काढून घेतलं. अण्णांनी बोट वर केलं.

"त्ये बोट ऱ्हाऊ दे," धनपाल म्हणाला. "न‌ऊ बोटांनी वाजवा. तुमच्यावाचून पूजा मुकी दिसंल."

अण्णा बसले. सून पहिल्या रांगेत, डोळे थेट त्यांच्या हातावर. पंडितजींनी भलत्याच वरच्या पट्टीत सुरुवात केली. अण्णांनी ट्यूबची पट्टी सरकवली आणि सूर धरला. एकेका अर्घ्याला बायका टिपऱ्या घेऊन नाचू लागल्या, चंदनबाला सगळ्यांच्या पुढं. अण्णांचा मात्र घाम मानेवरून पाठीत उतरत होता. आत्याबाई चारदा आली. चारही वेळा सुनेची भुवई हलली.

जेवणं उरकली तशी ब्राह्मी त्यांना मांडवाच्या कडेला गाठून म्हणाली, "मामा, एक विचारू?"

"इचारू नगंस," अण्णा म्हणाले. "मला त्यातलं काय बी येत न्हाई, पोरी. तुझ्या सासूनं थाप मारली. बोटबी धडधाकट हाय."

ब्राह्मी पदरात तोंड दाबून इतकी हसली, की खांबाला टेकावं लागलं.

"माझी तारसुद्धा तुटलेली नाही हो! 'बसूया' म्हटलं ते नुसतं मानापोटी, तार मीच काढून ठेवलीय. समोर स्वरलिपीचा कागद नसला की माझा हात थिजतो. म्हटलं, सासरे एवढे शिकलेले, सगळ्यांदेखत हसं होणार माझं."

अण्णांनी असा श्वास सोडला, की शेजारी बुंदीचं ताट पुसणाऱ्या सुलाबाईनं वळून पाहिलं.

"मग भुवई का गं हलवत हुतीस?"

"ती टोचणारी जुळणी. शेवटची तार मोकळी राहते तुमची. पहिलं बोट आडवं टाका. असं, सगळ्या तारांवर."

अण्णांनी गिटार उचलून बोट तसं टाकलं. आत्याबाई निमूट बसली. इतकी वर्षं सोसलेली बाई एका बोटात सुधारली! त्यांनी तीनदा वाजवून खात्री केली.

"आता तुझं," ते म्हणाले. "कागद सोड. पंडितजींच्या गळ्याकडं बघ. घाटी वर सरकली की जुळणी बदलायची. फसलीस तर मी जोरात वाजवतो, कुणाला कळतंय?"

ब्राह्मीनं घरी जाऊन तार चढवून गिटार आणली आणि संध्याकाळच्या आरतीला दोघं बसले. ब्राह्मी दोनदा फसली. अण्णांनी दोनदा जोरात वाजवलं. तिसऱ्यांदा तिनं घाटी अचूक पकडली आणि सासऱ्याकडं बघून डोळे मिचकावले.

आरती झाल्यावर चंदनबाला बायकांना सांगत होती, "म्हटलं न्हवतं, शास्त्रशुद्ध हाय म्हनून?" मग नवऱ्याजवळ वाकून हळूच पुटपुटली, "आवं, ती चिंधी तरी सोडा आता. उद्या तिसऱ्या हाताला बांधाल."