साडेतीन फुटांची फट

ड्रीमा स्टिल्टनर झाडूचा दांडा घेऊन जुन्या क्वाड, म्हणजे डोंगरवाटांवरच्या चार चाकांच्या मोटरसायकली, बघत फिरते, ही बातमी खोऱ्यात पसरायला वेळ लागला नाही. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगरात फोनला रेंज मिळायची मारामार, पण बातमी मात्र ओसरीवरून ओसरीवर टुणकन उडी मारते. तिचा धाकटा भाऊ डेल्मर तर रविवारी चर्चच्या दारातच म्हणाला, "ताई, झाडू हातात असताना क्वाड कशाला? त्याच्यावर बसूनच जा की डोंगरावर."

"गेले असते रे," ड्रीमा म्हणाली, "पण वाटेत तू भेटलास तर मागे बसवावं लागेल, आणि तुझं वजन पेलेल असा झाडू अजून निघाला नाही."

लोक हसले, डेल्मरही हसला. त्याला कशाचंच काही वाटत नाही, हा त्याचा गुणही आहे आणि दोषही.

ड्रीमानं उभी हयात शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. खोऱ्यातली निम्मी माणसं तिच्या हातचा मक्याचा पाव आणि घेवड्याची उसळ खाऊन वाढलीत, आणि पानात टाकल्याबद्दल तिची बोलणीही खाऊन. त्याआधी, लग्नापूर्वी, ती जत्रेतल्या शर्यतींत तीन चाकांची मोटरसायकल उडवायची आणि पोरांना मागे टाकायची. हे आता फक्त तिच्या नवऱ्याला, आर्लीला, आठवतं, कारण मागे पडलेल्या पोरांपैकी तो एक. पण सिमेंटच्या फरशीवर इतकी वर्षं उभं राहून गुडघ्यांनी हात टेकले. सपाटीवर ती चालते. चढ दिसला की गुडघे आधी रडतात, मग ती.

आणि तिला जायचं होतं ते नेमकं चढावर.

मे महिन्याच्या शेवटी, डेकोरेशनच्या रविवारी, स्टिल्टनरांचं सगळं गणगोत डोंगरमाथ्यावरच्या घरच्या दफनभूमीत जमतं. गवत काढायचं, प्रत्येक दगडाशी फुलं ठेवायची, प्रार्थना म्हणायची आणि तिथंच चादरी अंथरून जेवायचं. आजोबांच्या आणि वडिलांच्या थडग्यांवर नावं कोरलेली आहेत. बाकीचे दगड ओढ्यातून उचलून आणून रोवलेले, बिननावाचे. कुठला दगड कोणाचा हे माणसांच्या तोंडी असायचं. ती तोंडं एकेक करून मिटली आणि उरली एक ड्रीमा.

गेल्या वर्षी ती वर जाऊ शकली नाही. खाली उभं राहून हातवारे करकरून तिनं सगळ्यांना समजावलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि वर पोचेपर्यंत सगळे विसरले. संध्याकाळी डेल्मरनं मोठ्या हौसेनं फोनवरचे फोटो दाखवले. एका फोटोत त्याची थंड पेयांची पेटी एका छोट्या चपट्या दगडावर ठेवलेली होती. तो दगड लॉटीचा होता. लॉटी म्हणजे त्यांची बहीण, पाळण्यातच गेलेली, डेल्मरच्या जन्माआधी. ओढ्यातून तो दगड शोधून आणताना आठ वर्षांच्या ड्रीमानं एका बाजूनं तो धरला होता आणि दुसऱ्या बाजूनं वडिलांनी. ड्रीमानं फोटो बघितला आणि फोन परत दिला. त्या रात्री आर्लीला तेवढं म्हणाली, "पुढच्या वर्षी मी वर जाणार. रांगत जावं लागलं तरी."

रांगायची वेळ येऊ नये म्हणून क्वाड. आता तुम्ही म्हणाल, डेल्मरकडे आहे की मोठी कामाची क्वाड, मागे-पुढे सामानाचे रॅक असलेली, बसावं तिच्यावर. पण ती निम्म्या वाटेपर्यंतच जाते. पुढे पूर्वी रस्ता होता तो दरड कोसळून गेला. आता एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला म्हातारा ओक, आणि मधे एक फट. ओक तोडावा तर त्याच्या मुळांनी धरलेली उरलीसुरली वाटही दरीत जाईल. म्हणून सगळे आपापली धुडं तिथं उभी करतात आणि पुढचा खडा चढ पायी चढतात.

ड्रीमानं भाच्याला वर पाठवून ती फट झाडूच्या दांड्यानं मोजून घेतली आणि दांडा तेवढाच कापला. साडेतीन फुटांना दोन बोटं जास्त. "ज्या क्वाडच्या मागच्या चाकांबाहेर हा दांडा दिसेल, ती माझी," तिनं जाहीर केलं.

पहिली बघितली ती घरातलीच, डेल्मरच्या मुलाची शर्यतीची क्वाड. लालभडक, ठेंगणी, पाय फाकून बसलेल्या पैलवानासारखी. डेल्मरला ती बहिणीच्या गळ्यात मारायची घाई झाली होती.

"कुरणात चालवून बघ, ताई. लोण्यासारखी पळते."

तिनं चालवली. खरंच लोण्यासारखी पळाली. ड्रीमाच्या डोळ्यांत वाऱ्यानं पाणी आलं आणि क्षणभर ती पुन्हा जत्रेतली पोर झाली. मग उतरून तिनं मागच्या चाकांना दांडा लावला. दोन्हीकडून टायर वीत वीतभर बाहेर.

"कुरणात मला काय गवत खायला जायचंय?" ती म्हणाली. "रुंद आहे, पोट जमिनीला टेकतंय, पहिल्या मुळावरच अडकेल. आणि रिव्हर्स कुठाय?"

"शर्यतीत मागे कोण जातं?"

"आमच्या वाटेवर सगळेच जातात."

डेल्मर फुरंगटला. घरची वस्तू नाकारली म्हणून भावजयीनंही दोन दिवस तोंड फिरवलं. ड्रीमानं त्यांना एक ॲपल पाय भाजून पाठवला आणि शोध चालू ठेवला.

दुसरी नदीपलीकडच्या एका तरुणाची. फोनवर तिनं बजावलं होतं, "मी येईपर्यंत इंजिन चालू करू नकोस." गेल्या गेल्या तिनं इंजिनला हात लावला. कोमट. जिनं जन्मभर पातेल्याला हात लावून आत काय चाललंय ते ओळखलं, तिच्यापासून हे लपणार होतं थोडंच?

"सकाळी जरा फिरवली," तो पुटपुटला.

"थंडीत उठत नाही, म्हणून आधीच उठवून ठेवलीस होय? आमच्या घरातही एक असाच आहे. दुसरा नको."

शिवाय त्या क्वाडला वाळूत चालवायचे, वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे टायर होते. चिखलात ते नुसते चिखल उडवतात. ती चहाही न घेता परतली.

मे उजाडला तरी क्वाड नव्हती. आर्ली गंमत करायचा थांबला, तेव्हा ड्रीमाला पहिल्यांदा काळजी वाटली.

मग टपाल वाटणाऱ्या ट्रीव्हानं गाडीची काच खाली करून विचारलं, "काय गं, दांडा घेऊन माझ्याकडे नाही आलीस ती? माझी जुनी पडलीय की शेडमध्ये."

ट्रीव्हाची क्वाडही शर्यतीच्या जातीचीच, पण छोट्या इंजिनाची. रंग उडालेला, सीटला चिकटपट्टी. ड्रीमानं चाकं धरून हलवली, ढिली नव्हती. खाली चटई टाकून सांगाड्याचे जोड निरखले, तेल बोटावर घेऊन बघितलं. इंजिन गार होतं आणि दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. क्लच हातानं दाबायचा नाही, अंगठ्यानं वेग द्यायचा, आणि रिव्हर्सही होता. मग दांडा लावला. दोन्ही बाजूंनी बोट बोट बाहेर दिसला. एवढीच मोकळीक.

"हिच्यावर बसून तू शर्यत जिंकणार नाहीस," ट्रीव्हा म्हणाली.

"ज्यांच्याकडे चाललेय, त्यांना कसलीच घाई नाही."

डेकोरेशनच्या रविवारी सगळे फटीपाशी थांबले आणि वाटेकडेला उभे राहिले, मिरवणूक बघावी तसे. डेल्मर छातीवर हात बांधून होता. ड्रीमा आली, आणि पहिल्याच खेपेला तिचं पुढचं चाक कातळाला घासलं. तिनं रिव्हर्स टाकला, हातभर मागे आली, हँडल किंचित ओकाकडे वळवलं आणि अंगठा हलकेच दाबला. टायरनं ओकाच्या सालीचा एक तुकडा नेला, पण ती पार झाली. पुढं अंग हँडलवर झोकून, मुळं चुकवत, कधी मुळांवरून उड्या घेत ती गेली. झाडीआडून तिचा आवाज ऐकू आला. ती ओरडत होती की हसत होती हे कोणाला कळेना. आर्ली खाली घरी ओसरीवर होता. तो असता तर त्यानं ओळखलं असतं.

बाकीचे धापा टाकत माथ्यावर पोचले तेव्हा ती गवतात बसली होती, दोन्ही पाय लांब करून. पुढ्यात तो छोटा चपटा दगड, पुसून स्वच्छ केलेला, आणि त्यावर पिवळी कागदी फुलं.

डेल्मर पेटी खांद्यावरून उतरवता उतरवता थबकला. "हा कोणाचा? मला वाटलं नुसताच दगड आहे."

"लॉटीचा."

त्यानं पेटी हळूच दूर गवतात ठेवली. टोपी काढली. मग म्हणाला, "गेल्या वर्षी मी याच्यावर..."

"माहितीय मला."

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलले असते तरी तू विसरला असतास. बस इथं."

तो बसला. तिनं एकेका दगडाकडे बोट दाखवून नाव सांगितलं: आजीची बहीण, खाणीत गेलेला काका, तापानं नेलेली जुळी पोरं. बाकीचेही चादरी तशाच टाकून भोवती जमले. अंडी उन्हात तापली, पाव वाळला, पोरांनी गुपचूप केक संपवला. सगळं सांगून झाल्यावर ड्रीमा म्हणाली, "आता तू म्हण."

"मी? ताई, पुढच्या वर्षी तू येशीलच की."

"आणि नाही आले तर? म्हण."

डेल्मर म्हणत गेला. जुळ्या पोरांपाशी अडखळला, काकाला भलत्याच दगडाखाली घातलं. लोक हसले. ड्रीमा हसली नाही. "पहिल्यापासून," ती म्हणाली.

तेवढा मोठा बाप्या, गुडघे मोडून गवतात बसलेला, टोपी मांडीवर. त्यानं चपट्या दगडावर हात ठेवला.

"लॉटी," तो म्हणाला, आणि पुढच्या दगडाकडे वळला.