वाघमारेमामांचे साडेपाच

वाघमारेमामांशी बोलायला गेलं की ते आधी हातातली वस्तू खाली ठेवायचे. चहाचा कप असो, नाहीतर जहाजावर कंटेनर बांधायचा लांबलचक लोखंडी रॉड असो. "थांब, हात मोकळं करतो," म्हणायचे, आणि मग तोंडाकडे बघत, "हां, सांग आता." आखातातल्या खोर फक्कानच्या बंदरात जहाज धक्क्याला लागलं की एकेका मिनिटाची घाई. फोरमन खालून "यल्ला वाघमारे, यल्ला!" करून घसा कोरडा करायचा. मामा वरून शांतपणे सांगायचे, "एक मिनट साब, ये आदमी बात कर रहा है."

मामा लातूरकडचे, पन्नाशीला टेकलेले. मी त्याच बंदरात टॅली क्लार्क, म्हणजे उतरणाऱ्या कंटेनरचे नंबर लिहून घेणारा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कामगारांच्या कॅम्पात आम्ही आठ जण एका खोलीत राहायचो. मामांच्या पत्र्याच्या कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडरातून कापलेलं बुद्धाचं चित्र चिकटवलेलं होतं. शुक्रवारी सुट्टी. सकाळी ते दार उघडायचं, आम्ही पाच-सहा जणांनी खाली बसून हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हणायचं आणि दार लावून टाकायचं. "मामा, तुमच्या विहाराला कुलूप लागतं," असं मी चिडवायचो. ते हसायचे. "हितं बसलास ते ऱ्हाऊ दे. आठवडाभर कुणापाशी बसलास, ते सांग."

ते स्वतः मात्र बसायचे. शेजारच्या खोलीतला पठाण ड्रायव्हर गावाकडून पत्र आल्यापासून जेवत नव्हता. मामा त्याच्याजवळ तासभर बसून आले. तो पश्तूत बोलत होता, मध्येच रडत होता. मी विचारलं, "काय कळलं तुम्हाला?"

"शबुद न्हाई कळला. पर आत्ता जेवला त्यो."

जानेवारीत माझे वडील गेले. सकाळी ऑफिसात भावाचा फोन आला. पासपोर्ट कंपनीकडे, तिकीट दोन दिवसांनंतरचं. "चार वाजता काढणार आहोत," भाऊ म्हणाला. मी बरं म्हणून फोन ठेवला. बाहेर येऊन मामांना सांगितलं, तर त्यांनी हातमोजे काढून खाली ठेवले आणि बोटांवर हिशेब केला. "चार म्हंजे आपलं साडेपाच. मी येतो. एकटा ऱ्हाऊ नगंस."

हिशेब उलटा होता. भारताचं घड्याळ आमच्या दीड तास पुढे, म्हणजे तिथले चार इथे अडीचलाच वाजणार. दर शुक्रवारी कार्ड घालून घरी फोन करणाऱ्या मला ते तोंडपाठ होतं. मामा फक्त पत्रं लिहायचे, त्यांना कधी गरजच पडली नव्हती. मी दुरुस्त करायला हवं होतं. नाही केलं. अडीचला मामा शेजारी येऊन बसले असते, वडिलांचं नाव काढलं असतं, आणि मला काहीच वाटत नाही हे त्यांना दिसलं असतं. त्याची मला भीती वाटली.

अडीचला मी धक्क्यावर होतो. घड्याळ पाहिलं. पुढच्या कंटेनरचा नंबर लिहिला.

साडेपाचला मामा आले. ओव्हरटाइम सोडून, अंघोळ करून, पांढरा सदरा घालून. कपाट उघडलं, मेणबत्ती लावली, माझ्याशेजारी मांडी घातली आणि गाथा म्हणू लागले. माझ्या वडिलांची राख होऊन गेली होती आणि हा माणूस डोळे मिटून त्यांना निरोप देत होता. मध्येच त्यांचा आवाज थांबला. डोळे उघडून ते आधी खिडकीकडे आणि नंतर माझ्याकडे पाहत राहिले, मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि नुसते बसून राहिले. मी भिंतीकडे बघत होतो. लाज वाटत होती, तीसुद्धा दुसऱ्या कुणाची असावी तशी.

त्यानंतर कॅम्पात कुणाच्या घरची वाईट बातमी आली की मामा मलाच विचारायचे, "तिकडं किती वाजलं असत्याल रं?" मी बरोबर वेळ सांगायचो. त्या दिवसाबद्दल बोललो नाही, चार वर्षं.

मामा कायमचे गावी निघाले त्या दुपारी विमानतळाची गाडी दारात उभी होती. मी त्यांची बॅग आत ठेवली आणि एका दमात बोलून टाकलं. "मामा, माझ्या वडिलांच्या वेळी तुमची वेळ चुकली होती. मला माहीत होतं. मी मुद्दाम बोललो नाही."

मामांनी मान हलवली. "मला बी कळलं हुतं. गाथा म्हणताना खिडकीत बघितलं, हितं दिवस मावळत हुता. म्हनलं, तिकडं तर कवाच अंधार झाला आसंल. आपला सूर्य त्येंच्या मागनं येतोय की."

"मग थांबला का नाहीत?"

"थांबलो की. तुझ्या बापाला दिलेला निरोप तितंच थांबवला. मग तुझ्यापाशी बसलो."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मामा गाडीत बसले. मी पाया पडायचंही विसरलो.