सप्रेम भेट लिहिलेली वाटी

मी नकला करतो. शाळेत एकदा हेडमास्तरांचा आवाज काढून तीन वर्गांना घरी धाडलं होतं, तवापासूनचा हा रोग हाय. म्हणून आईनं येसर ऑनलाइन विकायला काढला, तवा जाहिरातीचं काम माझ्याच गळ्यात पडलं. येसर म्हणजे धान्य अन् मसाला भाजून दळलेलं पीठ. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीला त्याचीच आमटी असते. मी आईच्या आवाजात व्हिडिओ केला, "पाणी उकळू द्या गं बायांनो! गाठी झाल्या तर मला नावं ठेवू नका!"

आई बघून म्हणाली, "मी काय अशी बोलते व्हय रे?" तीच चाल, तोच हेल. मी हसून हसून गार.

आमच्या लोहा गावातून पाकिटं जायला लागली. नांदेड, परभणी, पार पुण्यापर्यंत. आईनं ब्लाऊज शिवायचं काम बंद केलं, मशीन विकून टाकलं. आता घर येसरावरच हाय.

अन् एका दुपारी मोबाइल चाळून राहिलो होतो, तर लातूरचं एक दुकान दिसलं. फोटो आमचा, मीच काढलेला. नाव बी आमचंच, 'लोह्याचा घरचा येसर'. भाव मात्र आमच्याहून कमी. फोटोतली वाटी आईच्या लग्नातली, तिच्या मामानं आहेरात दिलेली. काठाखाली मामाचं नाव अन् पुढं 'कडून सप्रेम भेट' असं कोरलेलं. त्या गड्यानं फोटो कापताना मामाचं नाव उडवलं होतं अन् 'सप्रेम भेट' तेवढं ठेवलं होतं. म्हणजे आम्हीच दिल्यासारखं!

माझ्या पायाला थारा न्हाई. अंगणात चार चकरा मारल्या, अन् म्हातारीचा आवाज काढून दुकानाच्या नंबरवर फोन लावला.

"बोला की अक्का," पलीकडं माझ्याच वयाचं पोरगं.

"लेकरा, ह्यो येसर खरंच लोह्याचा हाय का रं?"

"हाव अक्का! तिथल्या काकूनं सोता शिकवलाय. अर्धा तास फोनवर सांगत होत्या. जमला न्हाई तर परत फोन कर म्हणल्या."

माझा म्हातारीचा आवाजच फाटला. फोन कट केला अन् घरात गेलो.

"आई, लातूरच्या पोराला तू येसर सांगितलास?"

"हाव. लई गोड बोलत होतं. वही घेऊन बसलो म्हणलं."

"सगळं सांगितलंस? मापासकट?"

"मग अर्धं सांगू? कुणी करायचं कसं विचारलं तर बाईनं न्हाई म्हणावं का? मला तरी कुणी शिकवला? शेजारच्या काकूनंच की."

दुसऱ्या दिवशी नांदेड गाठलं. बसमध्ये जागा असून उभाच राहिलो, बसवतच नव्हतं. कोर्टाजवळच्या एका वकिलानं आमचं पाकीट उलटंपालटं करून बघितलं.

"नावातलं लोहा गावाचं, घरचा सगळ्यांचा, येसर अख्ख्या मराठवाड्याचा. यात तुमचं काय?"

"करायची पद्धत आमची हाय साहेब."

"ती तुमच्या मातोश्रींनी फोनवर वाटली. वाटलेलं गुपित राहत नसतं. फोटो तुम्ही काढला, तो तुमचा. त्याची तक्रार करा. अन् दुसऱ्या कुणाचं नसलेलं नाव घ्या, चिन्ह घ्या, ते नोंदवा. अन् आईला सांगा, आता तोंड बंद."

फोटोची तक्रार केली. वेबसाइटवाल्यांनी पुरावा मागितला. मोबाइलमधला मूळ फोटो धाडला, अन् आईला वाटी हातात धरून उभं केलं. आधार कार्डाच्या फोटोसारखी ताठ उभी राहिली.

"मामाचं नाव दिसून राहिलंय ना रे?"

"दिसतंय. तू हलू नको."

मग चार दिवस मी मोबाइल हातातून खाली ठेवला न्हाई. जेवताना डाव्या हातात, आंघोळीला खिडकीत. चौथ्या दिवशी लातूरचा फोटो गेला. मी घरभर नाचलो. संध्याकाळी बघतो तर नवा फोटो. काचेची वाटी, येसर तोच, नाव तेच.

शेवटी नवं नाव शोधलं, वाटीचं चित्र काढलं अन् नोंदणीचा अर्ज टाकला. आईला देवापुढं उभं करून कबूल करवलं की आता कुणाला सांगायचं न्हाई. ती मान हलवून गेली, पण तोंड एवढंसं झालं होतं.

काल ती गिरणीत गेली होती. तिचा फोन वाजला. मी उचलला अन् तिच्या आवाजात म्हणलं, "कोण बाई?"

"ताई, मी मुदखेडची. येसराचं माप सांगता ना?"

"न्हाई बाई. आता आम्ही माप सांगत न्हाई कुणाला."

पलीकडून एकदम, "कोण बोलून राहिलंय?"

"मीच की!"

"तुम्ही न्हाईत त्या. परवा बोलले मी त्यांच्याशी. दुपारी फोन कर, डबे उघडून नीट सांगते म्हणल्या. त्यांना द्या."

आजवर हेडमास्तरांपासून आमदारापर्यंत सगळ्यांचे आवाज काढले, कुणी पकडलं न्हाई.

"आई गिरणीत गेलीय," मी माझ्या आवाजात म्हणलो.

"मग आल्यावर सांगा. मी वही घेऊन बसलेय."

फोन खिशात घातला, तवर आई पिठाचा डबा घेऊन दारात.

"कुणाचा होता रे? मुदखेडच्या बाईचा?"

"आई, देवापुढं काय कबूल केलंस?"

"केलं की. पण तिला त्याच्या आधीच शब्द दिला होता ना?"

तिनं डबा खाली ठेवला, हात पदराला पुसले अन् फोनसाठी एक हात माझ्यापुढं धरला. माझ्या खिशात फोन परत वाजायला लागला.